महापालिका ‘उद्योग’ कशी ठरली: नागपूरच्या एका दाव्याची पार्श्वभूमी

कामगार औद्योगिक न्यायालयाची पायरी चढला की समोरून पहिली हरकत बहुतेक वेळा एकच येते: हा वाद ऐकण्याचा अधिकारच या न्यायालयाला नाही. आमची संस्था ‘उद्योग’ नाही, किंवा अर्जदार ‘कामगार’ नाही. यातल्या पहिल्या हरकतीवर देशभर दाखला दिला जाणारा निकाल नागपूरच्या भांडणातून निघाला. आपल्याकडेच ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, याची खंत वाटते.

१९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती. इथे मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४७ चा स्वतंत्र औद्योगिक तंटे कायदा लागू होता. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या मागण्या रोजच्या जगण्यातल्या होत्या: वेतनश्रेणी, ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, घरभाडे. ऑक्टोबर १९५६ मध्ये सरकारने हा वाद राज्य औद्योगिक न्यायालयाकडे सोपवला आणि काही दिवसांतच, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, नागपूरचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले. माणसे तीच, मागण्या त्याच, सरकार मात्र दुसरे.

१९५७ मध्ये निवाडा झाला. महापालिका रिट याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. कोणता विभाग उद्योग आणि कोणता नाही हे आधी ठरवा, असे सांगून उच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवले. मग एकेक खाते तपासले गेले. घरपट्टी आणि जकातीची आकारणी, अतिक्रमण हटवणे व मोडकळीला आलेली घरे पाडणे, अन्नभेसळीला आळा घालणे आणि कोंडवाडे एवढेच औद्योगिक न्यायालयाने बाहेर ठेवले.

वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६० च्या निकालात न्या. के. सुब्बा राव यांनी दिलेली कसोटी कोणालाही समजेल अशी आहे. हेच काम एखाद्या खासगी माणसाने केले असते तर तो उद्योग ठरला असता का? ठरला असता, तर महापालिकेच्या हातातही तो उद्योगच. कायदे करणे, न्याय देणे ही राज्यसत्तेची कामे वेगळी. एका खात्यात दोन्ही प्रकारची कामे होत असतील तर मुख्य काम कोणते ते पाहायचे. अग्निशमन, जलप्रदाय, आरोग्य, शिक्षण अशी खाती या कसोटीला उतरली, आणि तिथे कागद सांभाळणारे कारकूनही त्यात आले. १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ‘उद्योगा’ची व्याख्या व्यापक केली, तेव्हा मुख्य कामाची ही नागपूरची कसोटी नावानिशी उचलून धरली.

कामगारांची दुसरी लढाई शिक्षेवरून झाली. चौकशी रीतसर झाली असेल तर बडतर्फीची शिक्षा फार कडक आहे म्हणून ती बदलण्याची मुभा न्यायाधिकरणाला सहसा नव्हती. १५ डिसेंबर १९७१ पासून केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम ११-अ ने ती मुभा दिली.

पण अधिकाराच्या हरकतीचा खरा फटका वेळेचा. दिल्लीतल्या एका कर्मचाऱ्याची नोकरी १९६९ मध्ये गेली. तो ‘कामगार’ आहे की नाही एवढाच प्रश्न १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. असे प्राथमिक मुद्दे वेगळे काढून वाद लांबवू नका, सगळे एकत्रच निकाली काढा, असे न्यायालयाने तेव्हा बजावले. केंद्राच्या त्याच कायद्याच्या १९८२ च्या दुरुस्तीतले कलम १७-ब याच दुखण्यावर होते. कामावर परत घेण्याच्या निवाड्याला मालकाने वरच्या न्यायालयात आव्हान दिले, तर तोवर कामगाराला पगार मिळेल. त्यासाठी दुसरीकडे नोकरी नसल्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. आणि पगार म्हणजे शेवटचा उचललेला, मग तो दहा वर्षांपूर्वीचा का असेना.