पेप्टाइडमध्ये बदल करायचा तो कुठे आणि कशासाठी?

कर्करोगाच्या काही पेशींवर ठरावीक रिसेप्टर (बाहेरचे संदेश पकडणारी प्रथिनं) निरोगी पेशींपेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यांना नेमकं जाऊन चिकटणारं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) हाती आलं, की त्याच्याबरोबर किरणोत्सारी अणू थेट गाठीपर्यंत धाडता येतो. पण नैसर्गिक पेप्टाइड रक्तात तग धरत नाही. सोमॅटोस्टॅटिन हे १४ अमिनो आम्लांचं संप्रेरक घ्या: एन्झाइम्स दोन-तीन मिनिटांत त्यातलं निम्मं संपवतात.

सोमॅटोस्टॅटिनवरून बनवलेल्या ऑक्ट्रिओटाइड या औषधात यावर काढलेला तोडगा आम्हाला आजही थक्क करतो. साखळी ८ अमिनो आम्लांवर आणली. सुरुवातीचं फेनिलॲलनिन आणि मधलं ट्रिप्टोफॅन डी-रूपात (नेहमीच्या एल-रूपाच्या आरशातल्या प्रतिमेत) बसवलं, कारण एन्झाइम्सची सवय एल-रूप तोडण्याची. दोन सिस्टीनमध्ये डायसल्फाइड बंध घालून वळण पक्कं केलं, आणि शेवटी आम्लगटाऐवजी अल्कोहोल गट ठेवला. अर्धायुष्य दीड तासावर गेलं. रिसेप्टरला धरणाऱ्या चौकडीचा क्रम मात्र तोच राहिला: फेनिलॲलनिन, ट्रिप्टोफॅन, लायसिन, थ्रिओनिन.

त्याच घराण्यातल्या डोटाटेटला सुरुवातीच्या टोकाशी, म्हणजे या चौकडीपासून दूर, डोटा हा किलेटर (धातूचा अणू पकडून ठेवणारा रेणू) जोडलेला असतो. त्यात गॅलियम-६८ (अर्धायुष्य ६८ मिनिटं) धरलं तर पेट स्कॅनमध्ये गाठ दिसते, ल्युटेशियम-१७७ (सुमारे ६.६ दिवस) धरलं तर त्याच गाठीवर उपचार होतो. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसाठी (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या गाठींसाठी) अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने पहिल्याला २०१६ मध्ये आणि दुसऱ्याला २०१८ मध्ये मान्यता दिली.

म्हणून आमच्याकडे पेप्टाइडची ऑर्डर देताना नुसता क्रम पाठवू नका. कुठला भाग रिसेप्टरला चिकटतो, हेही कळवा. किलेटर त्याच्या अगदी जवळ आला तर शुद्धता ९८ टक्के असूनही पेप्टाइड निकामी ठरू शकतं. अशा वेळी मध्ये स्पेसर (अंतर राखणारा जोडतुकडा) घालावा, असं आम्ही सुचवतो.

डोटा असलेली कुपी हाताळताना धातूचा चमचा वापरू नका. लोह, जस्त, तांबं यांचा अंशही डोटामधली जागा अडवतो आणि लेबलिंग (किरणोत्सारी अणू बसवणं) बिघडतं. पाणी व बफर धातूमुक्तच हवेत. फ्रीझरमधली कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर पावडर ओलावा धरते. वजनात क्षार आणि पाणीही असतं. तेव्हा द्रावणाचा हिशेब प्रमाणपत्रावरच्या निव्वळ पेप्टाइडच्या टक्केवारीवरून करा, एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) शुद्धतेवरून नव्हे.

आमची पेप्टाइड्स प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठीच आहेत. ती रुग्णाला देऊ नयेत.