लिव्हरमध्ये परत आलेला कॅन्सर आणि लिव्हरचा कॅन्सर

मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेला, ऑपरेशन करून तो भाग काढला, आणि वर्षा-दीड वर्षाने स्कॅनमध्ये लिव्हरवर नवा डाग दिसला. घरात लगेच म्हटलं जातं, "आता लिव्हरचा कॅन्सर झाला." बहुतेक वेळा तसं नसतं.

ही गाठ लिव्हरमध्ये असली तरी पेशी आतड्याच्याच असतात. आतड्यांतलं रक्त पोर्टल व्हेन या शिरेतून आधी लिव्हरमध्ये येतं, म्हणून सुटलेल्या पेशी तिथे रुजतात. ऑपरेशनच्या वेळी त्यातल्या काही इतक्या सूक्ष्म असतात की ना स्कॅनवर दिसतात, ना सर्जनच्या हाताला लागतात. अशा ऑपरेशननंतर निम्म्याहून जास्त जणांत आजार परत येतो, बहुधा पहिल्या 2 वर्षांत, लिव्हरमध्ये, फुप्फुसात किंवा आणखी कुठे. आपलं पथ्य चुकलं का, म्हणून कुणी मनाला लावून घेऊ नये.

लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर वेगळा. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, फॅटी लिव्हर यांनी वर्षानुवर्षं पोखरलेल्या, सिरॉसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून घट्ट झालेल्या लिव्हरमध्ये तो सहसा उगवतो. त्यात रक्तातलं एएफपी नावाचं प्रोटीन वाढू शकतं. आतड्याच्या आजारावर नजर ठेवतात ती सीईए या रक्ततपासणीने.

नावाचा घोळ उपचारात महागात पडतो. परत आलेल्या आजाराला आतड्याच्या कॅन्सरचीच केमो लागते, फॉलफॉक्स किंवा फॉलफिरीसारखी. लिव्हरच्या कॅन्सरवरचं सोराफेनिब हे औषध इथे उपयोगाचं नाही. इंटरनेटवर 'लिव्हर कॅन्सर' शोधून वाचलेलं म्हणूनच या रुग्णाला बहुतेक लागूच पडत नाही, आणि उगाच धास्ती वाढते.

फारसं सांगितलं न जाणारं एक म्हणजे, दुसऱ्यांदाही ऑपरेशन होऊ शकतं. निरोगी लिव्हर कापल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा वाढतं. गाठी मोजक्या असतील आणि पुरेसं लिव्हर मागे राहणार असेल, तर निवडक रुग्णांत दुसऱ्या ऑपरेशनचा निकाल पहिल्याच्या जवळपास येतो. लहान गाठ सुई घालून उष्णतेने जाळताही येते. सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये कापायला एवढी मोकळीक नसते. 'परत आला' ऐकताच सगळं संपलं असं धरू नका. लिव्हरची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनला स्कॅन दाखवा.

आतड्याच्या रुग्णाला हिपॅटायटिस बी किंवा सिरॉसिसही असेल, तर मात्र अंदाजावर राहू नये. तिथे गाठ दोन्हींपैकी कुठलीही असू शकते, आणि शंका उरलीच तर तुकडा काढून पॅथॉलॉजिस्ट तिचं मूळ सांगतो. पहिल्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि जमलं तर ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) त्या वेळी सोबत न्या.