‘दातात दात’ या निदानाची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेतील एखाद्या दवाखान्यात आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर ‘दातात दात आहे’ असे सांगतात, तेव्हा पालकांचा पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : मग आतला दात काढून टाकता येईल का? हा प्रश्न त्या नावातूनच जन्मतो, आणि ते नाव सव्वाशे वर्षांहून जुने आहे.

देवमाशाच्या दातात असा प्रकार दिसल्याची नोंद १७९४ ची मानली जाते. मानवी दातांचे उल्लेख एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सापडतात. १८९७ मध्ये त्यांना ‘डेन्स इन डेन्टे’, म्हणजे शब्दशः ‘दातात दात’, हे लॅटिन नाव सुचवले गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी १८९६ मध्ये, दातांचे पहिले क्ष-किरण चित्र घेतले गेले होते आणि त्यासाठी पंचवीस मिनिटे लागली होती. पुढे दवाखान्यांत एक्स-रे रुळला आणि हे नावही पक्के झाले. एक्स-रेवर एनॅमल, म्हणजे दाताचे कठीण बाह्य आवरण, सर्वांत पांढरे दिसते, त्यामुळे दाताच्या पोटात शिरलेल्या एनॅमलची कड हुबेहूब एका छोट्या दातासारखी भासते. नाव डोळ्यांना पटणारे होते, म्हणूनच ते टिकले.

प्रत्यक्षात आत दुसरा दात नसतो. दात कठीण होण्यापूर्वी त्याच्या अंकुरातील एनॅमल घडवणारा थर आतल्या बाजूस दुमडला जातो. पिशवीचा कोपरा बोटाने आत ढकलावा, तसे हे घडते. मात्र ढकलणारे बोट कोणते, यावर एकमत झाले नाही. १९३४ मध्ये मांडले गेले की थराच्या एका भागाची वाढ खुंटते आणि भोवतालचा भाग वाढत राहिल्याने तेथे खळगी उरते. १९३७ मध्ये नेमके उलटे मत आले : तोच भाग अति वेगाने वाढून आत घुसतो. त्या सुमारास कोणी जंतुसंसर्गाला कारण मानले, तर १९५० च्या आसपास कोणी अंकुरास बसलेला मार आणि कोणी दोन अंकुरांचे एकत्र येणे ही कारणे पुढे केली. यांपैकी फक्त शेवटच्या कल्पनेलाच ‘दातात दात’ हे नाव शोभते. जुळ्या अंकुरांची ती कल्पना पुढे मागे पडली, तरी तिला साजेसे नाव मात्र चालूच राहिले.

१९५३ मध्ये ‘डेन्स इन्व्हॅजिनेटस’, म्हणजे आत वळलेला दात, हे नाव सुचवले गेले आणि आज ते शास्त्रीय लेखनात अधिक मान्य आहे. दरम्यान याच विकृतीला ‘ओडोन्टोम’ या गाठींच्या कुळात बसवणारे एक लांबलचक नावही वापरात होते. त्यामुळे जुन्या नोंदी वाचणाऱ्याला एकच दात तीन निरनिराळ्या आजारांच्या रांगेत उभा दिसतो. ही विकृती किती जणांत आढळते, याचे आकडे ०.३ ते १० टक्के इतके पसरलेले आहेत. दाताच्या टाळूकडील बाजूची प्रत्येक खोल खळगी मोजायची की फक्त ठळक दुमड मोजायची, हे ज्याने त्याने आपापले ठरवले, हेही त्यामागचे एक कारण आहे.

मराठीत या गोंधळाला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे ‘दातावर दात आला’ असे म्हणतात, तेव्हा जागेअभावी वाकडा उगवलेला किंवा जादा आलेला दात अभिप्रेत असतो आणि तो काढणे किंवा तार लावणे हा उपाय सर्वांना ठाऊक असतो. ‘दातात दात’ ऐकणारा पालक नकळत तेथेच पोहोचतो आणि घाई नाही असे समजून पुढच्या सुट्टीपर्यंत थांबतो. येथे तर घाईच असते, कारण त्या दुमडीतील एनॅमल अनेकदा पातळ किंवा अपुरे असते आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या दाताची नस आतून मरते. ‘आत वळलेला दात’ हे नाव रुक्ष असले तरी पालकांशी बोलताना तेच वापरणे अधिक प्रामाणिक ठरेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९५७ च्या वर्गीकरणाने तीन प्रकार ठरवले आणि ते आजही वापरात आहेत. पहिल्यात दुमड दाताच्या दिसणाऱ्या भागातच थांबते, दुसऱ्यात ती मुळात उतरते पण बंद पिशवीसारखी राहते, आणि तिसऱ्यात ती मुळाच्या बाजूला किंवा टोकाला स्वतंत्र तोंडाने बाहेर पडते. साध्या फिल्मवर दुसरा व तिसरा प्रकार वेगळा ओळखणे अवघड असे, कारण सगळी खोली एकाच सपाट चित्रात एकावर एक पडते. १९८० च्या दशकाअखेरीस आलेल्या आरव्हीजीने, म्हणजे संगणकावर थेट दिसणाऱ्या दातांच्या एक्स-रेने, फिल्म धुण्याचा वेळ वाचवला, तरी ही अडचण सुटली नाही. ती सुटली १९९० च्या दशकाअखेरीस आलेल्या सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनमुळे, ज्यात दात हवा तेथे आडवा कापून पाहिल्यासारखा दिसतो. जत किंवा आटपाडीहून मूल घेऊन सांगली-मिरजेपर्यंत यावे लागते ते बहुधा या तपासणीसाठीच. खळगी उथळ असेल तर तिची गरज नसते, आणि लहान मुलाला विनाकारण जादा किरण देऊ नयेत, हेही तितकेच खरे.

उपचारांचा जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो : दात काढायचा आणि पुढे कवळी किंवा ब्रिज बसवायचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे दात वाचवण्याचे प्रयत्न वाढले. ही विकृती सर्वाधिक ज्यात दिसते तो वरचा बाजूचा पटाशीचा दात आठव्या-नवव्या वर्षी उगवतो आणि त्याचे मूळ अकराव्या वर्षाच्या सुमारास पूर्ण होते. नस त्याआधीच मेली तर मुळाचे टोक उघडे राहते आणि नेहमीचे रूट कॅनाल तेथे चालत नाही. पूर्वी अशा मुळात कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून टोक बंद होण्याची कित्येक महिने वाट पाहावी लागे. १९९० च्या दशकात आलेल्या एमटीए या सिमेंटने तेच काम एक-दोन भेटींत होऊ लागले.

वाद उरतो तो तिसऱ्या प्रकाराचा. हिरडीवर पुळी येते, पू झिरपतो आणि तरीही दाताची मुख्य नस जिवंत असू शकते, कारण संसर्ग दुमडीच्या स्वतंत्र वाटेने खाली उतरलेला असतो. अशा वेळी फक्त दुमड साफ करून भरावी की दोन्ही वाटांचे रूट कॅनाल एकदम उरकावे, यावर दोन पक्ष आहेत. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, नस पुढे मेली तर भरलेला दात पुन्हा उघडावा लागतो. तरीही जिवंत नस ठेवली तर मुलाच्या मुळाची वाढ चालू राहते, आणि म्हणून थंड-गरम व विद्युत चाचणीने ती जिवंत असल्याची खात्री झाल्यावर तिला हात न लावणेच योग्य दिसते.

पहिल्या प्रकारात मात्र वादाला जागा नाही. दात उगवताच खळगी स्वच्छ करून रेझिन किंवा ग्लास आयोनोमर या दात भरण्याच्या द्रव्यांनी बंद करणे एका बैठकीत होते. ही विकृती अनेकदा दोन्ही बाजूंना असते, त्यामुळे उजव्या दातासाठी आलेल्या मुलाचा डावा दात त्याच दिवशी आरशात आणि एक्स-रेवर पाहिला जातो.