पुरातत्त्वीय धातुरसायन : बडोद्यातील संशोधन

जुन्या धातुवस्तू, धातू गाळताना उरलेली मळी, मुशींची खापरे, भट्ट्यांच्या भाजलेल्या भिंती आणि मूळ खनिज यांचे रासायनिक परीक्षण करून धातू कुठला, कसा गाळला आणि कसा घडवला हे ठरवणारी रसायनशास्त्राची शाखा. भारतात हे काम चिकाटीने झाले ते मोजक्याच ठिकाणी. त्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा क्रम वरचा लागतो. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात तांबे, निकेल अशा धातूंच्या जटिल संयुगांवर संशोधन झाले, तसे ते इतर विद्यापीठांतही होत होते. बडोद्याचे वेगळेपण असे की इथे पुरातत्त्व विभागातच रसायनतज्ज्ञ बसला आणि उत्खननाचा माल त्याच्या टेबलावर थेट येऊ लागला.

पूर्वपीठिका : बडोद्यात धातूंच्या रसायनाचा व्यावहारिक अभ्यास सुरू झाला तो रंगाऱ्याच्या हौदात. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये कलाभवन हे तंत्रशिक्षणाचे विद्यालय काढले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रंगरसायनाचे जाणकार होते. सुती कापडावर ॲलिझरीन या रंगद्रव्याचा रंग नुसता टिकत नाही. त्याला तुरटीतले ॲल्युमिनियम, लोह किंवा कथील यांच्या क्षारांचा आधार लागतो. धातू बदलला की त्याच रंगाची छटा बदलते, तुरटीने लाल तर लोहाने जांभळट काळी. दादासाहेब फाळके ज्या कलाभवनात छायाचित्रण शिकले ते हेच. पुढे मुंबईत असताना गज्जरांनी राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यावरचे डांबर काढून दिले. ते डांबर १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी फासले होते. राजकारण बाजूला ठेवले, तर जतन-रसायनाचा तो एक उत्तम नमुना होता. १९४९ मध्ये विद्यापीठ झाले तेव्हा कलाभवन त्याच्या तंत्रशास्त्र शाखेत सामावले गेले.

आहारचे तांबे : पुरातत्त्व विभागातील के. टी. एम. हेगडे हे या शाखेतले बडोद्याचे प्रमुख नाव. उदयपूरजवळच्या आहार येथे १९६१-६२ मध्ये उत्खनन झाले. त्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव होते. या गावाचे जुने नाव तांबावती. तिथल्या तांब्याच्या वस्तूंचे तांत्रिक परीक्षण हेगड्यांनी केले. वस्तूंबरोबर मळी सापडली होती, आणि मळीला फार महत्त्व आहे. घडवलेली कुऱ्हाड व्यापारातून कुठूनही येऊ शकते, पण निरुपयोगी मळी कोणी गाडीत घालून आणत नाही. मळी आहे म्हणजे तांबे तिथेच गाळले गेले.

अरवलीतले मुख्य ताम्रखनिज माक्षिक, म्हणजे तांबे, लोह आणि गंधक यांचे संयुग. ते आधी भाजून गंधक उडवावे लागते. उरलेले लोह वेगळे काढायला वाळू किंवा गारगोटी घालतात. लोह आणि सिलिका मिळून सुमारे १,२०० अंश सेल्सियसला वितळणारी काळी, जड मळी होते आणि १,०८५ अंशांना वितळणारे तांबे तिच्याखाली साठते. मळीत अडकलेले तांब्याचे बारीक मणी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. ते जितके कमी, तितका गाळणारा कसबी. संग्रहालये चकचकीत वस्तू मांडतात आणि मळीची पोती मागच्या खोलीत ठेवतात; अभ्यासकाच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे.

जावरचे जस्त : बडोद्याचा सहभाग असलेले सर्वांत गाजलेले काम उदयपूरच्या दक्षिणेला जावर येथे झाले. हिंदुस्तान झिंक, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची संशोधन प्रयोगशाळा आणि बडोदे विद्यापीठ यांच्या संयुक्त उत्खननात १९८३ मध्ये जस्त गाळण्याच्या भट्ट्या जवळजवळ जशाच्या तशा मिळाल्या. हेगडे, ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडॉक आणि हिंदुस्तान झिंकचे एल. के. गुर्जर ही या शोधाशी जोडलेली नावे. वापरून टाकलेल्या मुशींचे तिथे ढीगच्या ढीग आहेत. जुन्या घरांच्या भिंतीही त्याच मुशी रचून बांधलेल्या आहेत.

जस्त मिळवणे तांब्यापेक्षा कितीतरी अवघड. जस्ताच्या भाजलेल्या खनिजातून कोळशाने ऑक्सिजन काढायला हजार अंशांहून जास्त उष्णता लागते, आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे धातू सुटा होतो तो वाफेच्या रूपात. भट्टी उघडी असेल तर ही वाफ हवेत लगेच पेट घेते आणि हाती पांढरा धूर येतो. जावरच्या कारागिरांनी वाफ वर जाऊ न देता खाली ओढली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भाजलेले खनिज, कोळसा वगैरेंच्या गोळ्या भरत. मधोमध काडी खोचत. तोंडाला मातीची निमुळती नळी लिंपून बसवत. मग मूस उपडी करून सच्छिद्र तबकडीवर ठेवत, नळी खालच्या थंड कप्प्यात उतरे. काडीमुळे माल खाली घसरत नसे. तापल्यावर ती जळून जाई आणि वाफेला वाट मोकळी होई. एका भट्टीत अशा ३६ मुशी, आणि सात भट्ट्यांची एक रांग. वरचा कप्पा धगधगता आणि हातभर खाली जस्ताचे थेंब गोठतील इतका थंड, हे अंतर राखण्यात सारी करामत होती.

‘रसरत्नसमुच्चय’ या रसविद्येवरच्या संस्कृत ग्रंथात रसक, म्हणजे जस्ताचे खनिज, गाळायला वृंताक मूषा सांगितली आहे. वृंताक म्हणजे वांगे. संस्कृत रसग्रंथांतले वर्णन कल्पनेचे की अनुभवाचे, या वादात एरवी हाती काही लागत नाही. जावरला मात्र ग्रंथातली मूस जमिनीतून निघाली. या पद्धतीने मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन चौदाव्या शतकाच्या सुमाराचे मानतात. विल्यम चॅम्पियनने इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये जस्त गाळण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये, आणि त्याचीही वाफ खालीच उतरत होती.

पितळेचा इतिहासही इथे जोडला जातो. जस्ताचे खनिज तांब्याबरोबर थेट भाजून पितळ करता येते, पण त्या रीतीने तांब्यात जस्त मुरते ते सुमारे २८ टक्क्यांपर्यंत. त्याहून बरेच जास्त जस्त आढळले तर सुटा धातू वापरल्याचा संशय घ्यावा लागतो. तक्षशिलेच्या एका भांड्यात ते सुमारे ३४ टक्के आहे. बिदरी कामाचा मिश्रधातू तर बहुतांशी जस्तच.

अकोट्याच्या मूर्ती आणि जतन : १९५१ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीपलीकडच्या अकोट्यात पाचव्या ते बाराव्या शतकांतल्या ६८ जैन धातुमूर्तींचा साठा सापडला. उमाकांत शाह यांनी त्यांचा अभ्यास केला. बहुतेक मूर्ती सयाजीबागेतल्या संग्रहालयात आहेत. ऋषभनाथाच्या मूर्तीत डोळ्यांत चांदी आणि ओठाला तांबे जडवलेले आहे. अशा वस्तूंचा खरा शत्रू क्लोराईड. मातीतले मीठ धातूत शिरून क्युप्रस क्लोराईड बनते. दमट हवा मिळाली की त्यातून फिकट हिरवी भुकटी फुटते, आणि सुटलेले आम्ल आतल्या तांब्यावर पुन्हा तीच क्रिया करते. याला कांस्यरोग म्हणतात. बडोद्याच्या पावसाळ्यात पेटीतली हवा कोरडी ठेवण्यावर सगळी भिस्त असते. भुकटी खरवडून काही साधत नाही.

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत पिढीजात देव्हारे आहेत. तिथल्या टाकांना आणि समयांना सणाआधी चिंच लागते. चिंचेतले टार्टरिक आम्ल तांब्याची ऑक्साईडे आणि कार्बोनेटे विरघळवते, म्हणून पितळ झळकते. पण दर वेळी धातूचा पातळ थर जातो. रोजच्या पूजेतल्या देवाला हे चालते, कारण तो घासला जावा म्हणूनच घडवलेला असतो. जमिनीतून निघालेल्या मूर्तीला चिंच लावणे म्हणजे तिचा पुरावा धुऊन टाकणे. पितळेत ताक कळकते आणि कल्हईच्या भांड्यात कळकत नाही, तेही याच रसायनामुळे. नवसागर तापून निघणारे आम्ल ऑक्साईड साफ करते, २३२ अंशांना वितळलेले कथील उघड्या धातूवर पसरते, आणि आंबटाचा तांब्याशी संबंध तुटतो.

परीक्षणाच्या पद्धती : धातुलेखनात नमुना आरशासारखा घासून फेरिक क्लोराईडने किंचित खोदतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ओतीव धातूत नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. ठोकून पुन्हा तापवलेल्या धातूत सरळ रेघांचे जुळे कण दिसतात. सूक्ष्म घटकांवरून खनिजाचा प्रदेश सुचतो आणि शिशाच्या समस्थानिकांच्या (वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या) प्रमाणावरून तो पडताळता येतो. जुनी भांडी वितळवून नवी केली असतील तर दोन्ही कसोट्या फसतात, आणि मोड विकण्याची आपली परंपरा जुनी आहे.

हातात धरायच्या क्ष-किरण प्रस्फुरण यंत्राने (क्ष-किरण टाकून घटक मोजणाऱ्या) हल्ली मिनिटभरात आकडे मिळतात. ते वरच्या थराचे असतात. पुरलेल्या कांस्यातले तांबे झिरपून गेलेले असते, त्यामुळे यंत्र कथील फुगवून दाखवते. पितळेच्या पृष्ठावरून जस्त निघून गेलेले असल्याने ते कमी भरते. म्हणून पायथ्याच्या आतल्या बाजूचा मोहरीएवढा तुकडा संग्रहालयाकडे अजूनही मागावा लागतो. तो सहसा मिळत नाही. धातुमळी मात्र हवी तेवढी कापता येते.