आयजीबीटी बदलला की मशीन सुरू? अर्धंच खरं

कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत हे हमखास ऐकू येतं: इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन बंद पडलं, आयजीबीटी (करंट वेगाने चालू-बंद करणारा आतला इलेक्ट्रॉनिक स्विच) उडाला, नवा टाकला की झालं. मग नवाही पहिल्याच आर्कला फुटतो आणि दोष डुप्लिकेट मालावर जातो. माल कधीकधी डुप्लिकेट असतोही, पण बहुतेकदा खरं कारण शेजारी असतं.

आयजीबीटी फुटताना त्याचा कलेक्टर (मोठे व्होल्ट येणारा पाय) आणि गेट (चालू-बंदचा सिग्नल घेणारा पाय) बहुतेकदा आतून शॉर्ट होतात. डीसी बसचे, म्हणजे एसी सप्लायचं मशीनच्या आत डीसी होतं त्या लाइनचे व्होल्ट, 230 च्या सप्लायवर सुमारे 325 आणि 415 वर सुमारे 585, थेट गेटच्या सर्किटमध्ये घुसतात. गेटचा रेझिस्टर ओपन होतो, म्हणजे आतून तुटतो, आणि झेनर (गेटचे व्होल्ट मर्यादेत ठेवणारा डायोड) शॉर्ट होतो. काळा डाग दिसेलच असं नाही, म्हणून प्रत्येक पार्ट मीटरने तपासा. आउटपुटचे डायोडही बघा. तिथे शॉर्ट असेल तर नवा आयजीबीटी टिकणारच नाही.

कव्हर उघडण्याआधी प्लग काढा. मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावून व्होल्ट उतरल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, जिवावर बेतेल.

आयजीबीटी जोडीने, एकाच नंबरचे बदला. हीटसिंकवर (उष्णता ओढणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर) जुनी थर्मल पेस्ट पूर्ण पुसून नवी पातळ लावा. ग्राइंडिंगचा लोखंडी भुगा ब्रशने काढा. तो पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) साचला की दमट हवेत त्यातून करंट वाहतो.

सिंगल फेज मशीनला पहिल्यांदा सप्लाय देताना सिरीजमध्ये 100 वॅटचा फिलामेंट बल्ब लावा. क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर शॉर्ट अजून आत आहे, थेट सप्लाय देऊ नका.