इलेक्ट्रॉन शलाका यंत्रांची देखभाल व किरणोत्सर्ग सुरक्षा

केबलच्या आवरणाची ताकद वाढवणे, वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणे, छपाईची शाई क्षणात पक्की करणे अशा कामांसाठी कारखान्यांत इलेक्ट्रॉन त्वरक, म्हणजे इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देऊन त्यांचा झोत (शलाका) सोडणारी यंत्रे, वापरतात. त्यांची दुरुस्ती करणाऱ्यांना किरणोत्सर्गापासून सुरक्षित ठेवण्याची ही कार्यपद्धती आहे. शाईच्या यंत्रांत इलेक्ट्रॉनची ऊर्जा काही शे किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत असते, तर निर्जंतुकीकरणात ती १० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाते. इलेक्ट्रॉन धातूवर आदळले की क्ष-किरण निघतात. त्यांना अडवण्यासाठी लहान यंत्रांना शिसे किंवा पोलाद पुरते, मोठ्यांना जाड काँक्रीटच्या भिंती लागतात.

निर्जंतुकीकरणासाठीच वापरला जाणारा कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी स्रोत कधीच बंद करता येत नाही, त्वरक मात्र वीज तोडताच थांबतो. याच खात्रीमुळे दुरुस्तीत घात होतो. इलेक्ट्रॉन सोडणारा फिलामेंट बंद असला, तरी उच्च विद्युतदाब चालू असेल तर नलिकेतील धातूच्या पृष्ठभागांवरून इलेक्ट्रॉन सुटत राहतात. याला डार्क करंट म्हणतात. १९९१ मध्ये अमेरिकेतील मेरीलंड राज्यात ३० लाख व्होल्टच्या त्वरकावर नेमके हेच घडले. फिलामेंट बंद, दाब चालू, अशा स्थितीत एका कामगाराचे हात, डोके आणि पाय शलाकेत आले. पुढे त्याच्या दोन्ही हातांची बहुतेक बोटे काढावी लागली. निर्जंतुकीकरणात मालाला सामान्यतः २५,००० ग्रे (शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) मात्रा देतात. तिचा हजारावा भागही त्वचेला गंभीर इजा करतो.

म्हणून ‘शलाका बंद’ एवढ्यावर कोणीही आत जाऊ नये. उच्च दाबाचा पुरवठा तोडून तिथे कुलूप लावावे, किल्ली आत जाणाऱ्याच्याच खिशात असावी आणि हातातले किरणोत्सर्ग मापकयंत्र आधी तपासून घ्यावे. स्पंदित (सलग नव्हे, तर क्षणिक ठोक्यांत सुटणाऱ्या) शलाकेजवळ गायगर मापक फसवा, कमी आकडा दाखवू शकतो. तिथे आयनीकरण कक्षाचे मापक योग्य. संधारित्रांत (विद्युतभार साठवणाऱ्या भागांत) उरलेला विद्युतभार भूसंपर्क दांड्याने काढावा. शलाकेमुळे हवेत ओझोन हा विषारी वायूही तयार होतो, त्यामुळे वायुवीजन पूर्ण होईपर्यंत दार उघडू नये. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा विद्युतरोधक वायू भरलेल्या टाकीत गुदमरण्याचा धोका वेगळाच.

काम संपल्यावरची चूकही तितकीच महाग पडते. चाचणीसाठी निकामी केलेले इंटरलॉक (दार किंवा आवरण उघडताच यंत्र बंद पाडणारी सुरक्षा-साधने) तसेच राहतात, किंवा शिशाचे एखादे आवरण नीट बसत नाही. म्हणून प्रत्येक इंटरलॉक एकेक करून चालवून पाहावा. मग आधी कमी प्रवाहावर आणि नंतर पूर्ण क्षमतेवर यंत्राभोवती, विशेषतः सांधे व नळमार्गांपाशी, गळती मोजून तिची लेखी नोंद करावी.