सकाळची बादली आणि कण्यातली गादी

मागच्या हिवाळ्यात एकदा पहाटे सहाला उठलो, नळाला पाणी आलं होतं, डोळे अजून अर्धे मिटलेले, तसाच वाकलो आणि भरलेल्या बादलीला हात घातला. बादली वीतभर वर आली न आली तोच कंबरेत अशी काही चमक भरली की मी बाथरूमच्या दारात काटकोनात अडकलो. बायकोला वाटलं खाली पडलेलं काहीतरी शोधतोय. पुढचे चार दिवस बाम, गरम पाण्याची पिशवी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फुकटचे सल्ले. आता गंमत बघा, तीच बादली तेवढीच भरून मी रोज संध्याकाळी झाडांना पाणी घालायला उचलतो, कधी काही झालेलं नाही. मग सकाळीच का? त्या 'का'च्या मागे लागलो आणि बरंच काही हाती लागलं.

आपल्या कण्यात मानेचे 7, पाठीचे 12 आणि कंबरेचे 5 असे 24 सुटे मणके असतात, त्यांच्या खाली मग जोडून एक झालेली हाडं आणि शेवटी माकडहाड. या मणक्यांच्या मधे एकूण 23 गाद्या असतात, डॉक्टर ज्यांना डिस्क म्हणतात त्याच. गादी म्हणजे बाहेरून चिवट धाग्यांचे एकावर एक गुंडाळलेले थर आणि आत जेलीसारखा मऊ गर, ज्यात तरुणपणी जवळपास 80 टक्के पाणीच असतं. आणि 'गादी सरकली' असं आपण म्हणतो ना, तर ती काही साबणाच्या वडीसारखी सटकत वगैरे नाही, मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, फार तर ती फुगून बाहेर येते किंवा थर फाटून आतला गर बाहेर येतो.

पण मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. मोठ्या माणसाच्या या गादीला रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, अगदी बाहेरच्या कडेला असतील तेवढ्याच. मग तिला खायला कोण घालतं? तर वरच्या-खालच्या मणक्यांमधून जे पाझरेल त्यावर ती जगते. दिवसभर अंगाचं वजन पडलं की तिच्यातलं पाणी थोडं थोडं पिळून निघतं आणि रात्री आडवे झालो की ती परत पाणी शोषून टम्म फुगते. स्पंज पिळावा आणि पुन्हा पाण्यात सोडावा, तसं.

हे घरी बघता येतं बरं का. सुट्टीत भाचा आला होता, त्याला सकाळी उठल्या उठल्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा केला आणि पेन्सिलीने खूण केली, दिवसभर तो क्रिकेट खेळून आला आणि रात्री परत मोजलं तर खूण सव्वा सेंटीमीटर खाली. मामा चीटिंग करतो म्हणून रडायचाच बाकी होता. पण माणूस रोज साधारण 1 टक्का कमी-जास्त होतो हे खरंच मोजलेलं आहे आणि यातली निम्मी घट तर उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच होते. ज्यांचा दिवस गाडी चालवण्यात जातो त्यांना सकाळी लावलेला आरसा संध्याकाळी जरा खाली करावासा वाटतो तो यामुळेच. अंतराळवीर तर वजनच नसल्यामुळे 3 टक्क्यांपर्यंत उंच होतात आणि तिथे त्यातल्या बऱ्याच जणांची कंबरही दुखते, म्हणजे नुसतं ताणलं की पाठ बरी होते असंही नाही.

तर माझी बादली. सकाळी गादी पाणी पिऊन गच्च भरलेली, म्हणजे जास्त हवा भरलेल्या टायरसारखी कडक. अशा वेळी कंबरेतून वाकलं की तिच्या थरांवर ताण पडतो तो दिवसातल्या नंतरच्या वेळेपेक्षा सुमारे 300 टक्क्यांनी जास्त, असा हिशोब 1987 साली मांडला गेला होता. पुढे 1998 मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला. त्यात जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना गोळी नाही, मशीन नाही, फक्त एवढंच सांगितलं होतं की उठल्यावर पहिले दोन तास कंबरेतून वाकायचं टाळा. दुखणं खरोखर कमी झालं. याच्यात खर्च शून्य आहे, म्हणून बहुतेक कोणी जाहिरात करत नसावं. तेव्हा ज्यांची कंबर कुरकुरते त्यांनी उठल्या उठल्या केर काढणं, फरशी पुसणं, जड काही उचलणं थोडं पुढे ढकलावं, तोंड धुताना एक हात बेसिनवर टेकवावा, बूट खुर्चीत बसून पाय वर घेऊन घालावेत आणि सूर्यनमस्कार चहा आणि दोन चकरा झाल्यावर घालावेत. ज्यांचं काहीच दुखत नाही आणि जे वर्षानुवर्षं पहाटे घालतात त्यांनी खुशाल घालावेत, माझी तक्रार नाही.

आता उचलण्याबद्दल. जर्मनीत 1999 साली एका माणसाच्या कंबरेच्या गादीत चक्क दाब मोजणारी बारीक सुई बसवली, तो माणूस स्वतःच हाडांचा डॉक्टर होता. आडवा पडला असताना दाब 0.1 मेगापास्कल, उभा राहिल्यावर 0.5. पाठ गोल करून 20 किलो वजन उचललं तर थेट 2.3, गुडघे वाकवून उचललं तर 1.7 आणि तेच वजन अंगाशी धरलं की 1.1. म्हणजे वीस किलोचं पोतं तेच, कंबर तीच, पण पाठ गोल करून उचललं की अंगाशी धरण्यापेक्षा कंबरेला दुप्पट भोगावं लागतं. गुडघे वाकवा गुडघे वाकवा हे सगळे सांगतात, अंगाशी धरा हे मात्र कमी लोक सांगतात. सिलिंडर असो, कुंडी असो नाहीतर झोपलेलं पोर, आधी पोटाशी घ्यायचं आणि मग उठायचं, आणि वळायचं असेल तर कंबर पिळायची नाही, पाय वळवायचे.

याच प्रयोगात आणखी एक मजा झाली. स्वीडनमध्ये त्याआधी झालेल्या मोजमापांवरून सगळीकडे पक्कं झालं होतं की बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा जवळपास 40 टक्के जास्त असतो. इथे मात्र आरामात बसल्यावर 0.46 आला आणि खुर्चीत मागे रेलून घरंगळल्यासारखं बसल्यावर 0.27. आमच्या शाळेत ताठ बस म्हणून पाठीत धपाटे घालणाऱ्या सरांना हा आकडा दाखवायची फार इच्छा आहे! अर्थात हा एकाच माणसाचा आकडा, त्याला वेदवाक्य समजू नये. पण मला यातून जे पटलं ते असं की ताठ की वाकडं हा मुद्दा दुय्यम आहे, एकाच अवस्थेत तीन तास गोठून बसणं हा खरा घोळ आहे, कारण जिला रक्तच नाही ती गादी दाबणं-सोडणं यावरच तर तगून आहे. म्हणून मी आता मुद्दाम छोटा ग्लास ठेवतो, पाणी संपलं की उठावंच लागतं, आणि फोन आला की चालत बोलतो. मांडी घालून बसणाऱ्यांनी खाली चादरीची घडी घेतली की कंबर कमी गोल होते. मोबाईलचं काय सांगू, डोकं पाच किलोच्या आसपास असतं, ते पुढे लटकवून तासभर रील बघितले तर मान बोंबलणारच.

कंबर दुखली की आपल्याकडे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे जमिनीवर झोप, फळीवर झोप. स्पेनमध्ये 313 कंबरदुखीवाल्यांना झोपायला कडक आणि मध्यम कडक अशा दोन प्रकारच्या गाद्या देऊन बघितलं, 90 दिवसांनी मध्यमवाल्यांचं जास्त बरं होतं. आणि दिवसेंदिवस झोपून राहणं तर आता डॉक्टरही सांगत नाहीत. उलट ऑस्ट्रेलियात 701 लोकांवर झालेला 2024 चा प्रयोग बघा, कंबरदुखीतून उठलेल्या लोकांना हळूहळू वाढवत आठवड्यात पाच दिवस अर्धा अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं, तर त्यातल्या निम्म्या लोकांचं दुखणं परत यायला 208 दिवस लागले, न चालणाऱ्यांमध्ये 112. सिगारेटवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, पण जुळ्या भावांमध्ये ओढणाऱ्याच्या कण्यातल्या गाद्या न ओढणाऱ्यापेक्षा जास्त झिजलेल्या सापडल्यात.

एमआरआयमध्ये 'गॅप कमी झालाय' वाचून लोक अर्धे तिथेच मरतात. ज्यांना काहीच दुखत नव्हतं अशा लोकांच्या फोटोंमध्येसुद्धा विशीत 37 टक्के आणि ऐंशीत 96 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, केस पिकतात तशा. मात्र पायातली ताकद जायला लागली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर बाम चोळत बसायचं नाही, त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. कंबरदुखीबरोबर ताप असेल किंवा वजन उगाच उतरत असेल तरी दाखवून घ्यायचं.

माझं म्हणाल तर आता आधी चहा, मग गॅलरीत चकरा, मग बादली, तीसुद्धा अर्धी भरून दोन खेपांत. बायको म्हणते तुझी गादी सुकेपर्यंत नळाचं पाणी जातं, त्याचं काय.